अठरा बोळे

कोकिळाचं लग्न झालं ते राज्य नवीन झाल्यानंतरच्या दुसऱ्या वैशाखात, म्हणजे बासष्ट साली. त्याच साली कार्तिकात तिचे वडील उकंडराव मिस्त्री देऊळगावराजाच्या आपल्या गॅरेजात एका काळ्या मोटारीपुढं कंबरेवर हात देऊन उभे होते, आणि त्या मोटारीच्या इंजिनाचं हेड तिसऱ्यांदा उतरवायची पाळी आली होती.

“मिस्त्री, आता एक काम करा,” कारभारी म्हणाला. कारभारी हा त्या मोटारीचा ड्रायव्हर. मोटार गॅरेजात पडल्यापासून त्याच्या हाताला काम नव्हतं, म्हणून तो रोज येऊन पालथ्या डब्यावर बसे. “हिले बिजागऱ्या बसवा. पेटीच्या झाकनावानी. सकाळी उघडा, संध्याकाळी लावा.”

“त्याच्या आधी तुह्या तोंडाले बसवतो,” उकंडराव म्हणाले. “पाना दे तो.”

कारभारी उठला नाही. पाना किसननं दिला.

किसन म्हणजे उकंडरावांचा मेहुणा, मंजुळाबाईचा धाकटा भाऊ. चौदा वर्षं दोघं एका छपराखाली काम करत होते. उकंडराव सर्व्हिस मोटारीवर क्लीनर म्हणून लागले आणि ऐकून ऐकून मिस्त्री झाले. मोटार फाटकात शिरायच्या आधी आवाजावरून त्यांना तिचा रोग कळे, आणि ते तो चारचौघांत बोलून दाखवत. किसन जिनिंगच्या इंजिनघरात शिकलेला. त्याला तसा कान नव्हता. त्याच्यापाशी धीर होता. खोललेला भाग धुणं, खरवडणं, पुसणं हे त्याचं काम, आणि ते तो आपल्या पद्धतीनंच करी. खरवडायला पितळेची पट्टी घेई. लोखंडाची पट्टी हातात धरत नसे, कारण तिचा ओरखडा पडतो. पुसायला धुऊन धुऊन मऊ झालेलं बहिणीचं जुनं लुगडं. आणि पट्टी लावायच्या आधी ब्लॉकमधल्या बोल्टांच्या अठराही भोकांत चिंधीचे बोळे कोंबी, म्हणजे खरवडलेली घाण आत जायला नको. कोंबताना मोठ्यानं मोजी आणि काढताना पुन्हा मोजी. उकंडरावांना ते मोजणं कधी आवडलं नाही. त्यात वेळ जातो, असं त्यांचं म्हणणं.

हेड निघालं. हेड म्हणजे इंजिनावरचं जड लोखंडी झाकण. खाली ब्लॉक, वर हेड, आणि मधे तांब्याच्या पत्र्यानं मढवलेलं ग्यासकेट. या दोन तोंडांच्या मधे केसाएवढं काही राहिलं, तरी इंजिन तापलं की पाणी वाट काढतं, तेलात उतरतं आणि तेलाचं ताक होतं. या मोटारीचं दोनदा तसं झालं होतं. नव्या रिंगा, नवे व्हॉल्व्ह, सगळं इंजिन नव्यानं बांधलेलं, आणि दहा मैल चाललं की तेल मोजायच्या सळईवर, डिपस्टिकवर, ताक.

उकंडरावांनी ग्यासकेट उचलून उजेडात धरलं. तिसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरच्या मधे पाण्यानं काढलेली तपकिरी रेघ होती. दोन्ही वेळा त्याच जागी.

“भाऊजी,” किसन म्हणाला, “बोल्टाची भोकं एकदा तारेनं पाहू काय? पार तळापासून.”

“भोकातून पानी येते का बे?” उकंडराव म्हणाले. “पानी या तोंडातून येऊन राह्यलं. तोंडाचं पाह्य.”

“तोंड तर चोख हाये. तुम्ही सोता काच लावून पाह्यली.”

ते खरं होतं. आदल्या वेळी उकंडरावांनी आरशाच्या जाड काचेवर तेलात कालवलेला शेंदूर लावून ती काच ब्लॉकवर फिरवली होती. शेंदूर सगळीकडे सारखा उठला होता. उंच नाही, खोल नाही. त्यामुळंच त्यांचा संताप जास्त होता. दोष दिसत असता तर त्यांनी तो काढला असता.

तेवढ्यात पंजाबराव आले. मोटार त्यांची. दुसरबीडला त्यांची कपाशी होती, विहिरीवर भाजीपाला होता, आणि घरात रुख्मिणीबाई होती, त्यांची आई. तिच्या पायांना सूज होती आणि दर आठ दिवसांनी तिला जालन्याच्या दवाखान्यात न्यावं लागे. मोटार पडल्यापासून ते एस.टी.नं जात. पायऱ्या चढवताना दोघांना तिला धरावं लागे, आणि खालून कोणीतरी घाई करी.

“मिस्त्री,” पंजाबराव फाटकातूनच म्हणाले, “माय तिकडं हाटेलात बसली हाये, पाय बाकड्यावर टाकून. दुसरबीडच्या गाडीले अजून दोन तास हायेत. तिले काय सांगू?”

उकंडरावांनी ग्यासकेट उलटं करून पाहिलं.

“महिना झाला. मले लोकं म्हनतात जालन्याले घेऊन जा मोटार. म्या म्हनतलं, नाई, आपला मानूस हाये.”

“आपला मानूस म्हंजे वेळ लागनारच,” कारभारी डब्यावरून म्हणाला.

उकंडरावांची मान गरम झाली. ते पुन्हा ग्यासकेटकडं बघू लागले, आणि त्या तपकिरी रेघेच्या काठाशी त्यांना एक पांढरा धागा दिसला. बोटाच्या पेराएवढा, तांब्यावर दाबून बसलेला. हंगाम कापसाचा होता. समोरच्या रस्त्यानं दिवसभर जिनकडं गाड्या जात, आणि गॅरेजात कशावरही बोट फिरवलं तरी धागे निघत. उकंडरावांच्या स्वतःच्या मिशीतही असतील. पण त्या वेळी त्यांना तो धागा दिसला आणि मागं उभा असलेला किसन दिसला, हातात चिंध्यांची पिशवी घेतलेला.

“हे काय हाये?”

किसन वाकून बघून म्हणाला, “धागा हाये भाऊजी.”

“कोनाच्या चिंधीचा?”

“माह्या चिंधीचा नाई तो. माह्या चिंध्या लुगड्याच्या हायेत, रंगाच्या. हा पांढरा—”

“पांढरा हाये म्हंजे तुहा नाई? चौदा वर्षं झाले सांगून राह्यलो, ते चिंध्या कोंबनं बंद कर. ते मोजनं बंद कर. अठरा टाकले, अठरा काढले. बोळे मोजले, धागे कोनं मोजले?”

“भाऊजी, लोकं हायेत.”

“असू दे लोकं.” उकंडराव पंजाबरावांकडं वळले. “पाहा, तुम्हीच पाहा. माह्या कामात खोट नाई. हे याच्या हाताचं हाये. महिनाभर तुमच्या मायले एस.टी.त चढावं लागलं ते याच्या चिंध्यापायी.”

पंजाबरावांनी धागा पाहिला. त्यांना इंजिनातलं काही कळत नव्हतं, पण धागा कळत होता. त्यांनी किसनकडं पाहिलं, आणि कारभारीनं पहिल्यांदाच काही चेष्टा केली नाही.

किसननं पिशवी फळीवर ठेवली. कोपऱ्यात सोडा आणि लाकडाचा भुसा असे. त्यानं तो घेऊन हात धुतले, कोपरापर्यंत, नखांतली काजळी काडीनं काढून. घाई नव्हती. मग खुंटीवरचा सदरा घातला, बटणं लावली.

“येतो भाऊजी,” तो म्हणाला. पंजाबरावांनाही नमस्कार केला आणि फाटकातून गेला.

उकंडरावांना वाटलं, उद्या येईल.

तो दुसऱ्या दिवशी आला नाही, तिसऱ्याही दिवशी आला नाही. देऊळगावात दोन गॅरेजं होती. दुसऱ्या गॅरेजवाल्यानं किसनला सांगितलं, “तुहा हात चांगला हाये गड्या, मले मालूम हाये. पन पंजाबरावच्या मोटारीचं बाजारात झालं. गिऱ्हाईक विचारते, त्याच्या हातात देनार नाई ना म्हून.” आठवड्यानं किसन बायको-मुलांसह डोणगावला गेला. तिथं त्याचा साडू होता.

मंजुळाबाई ताट वाढताना बोलत नसे. पहिले दोन दिवस उकंडरावांनी ते चालू दिलं.

“तोंड काऊन फुगवून राह्यली?” तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं.

“मले काय होते.”

“त्याले म्या जा म्हनतलं नाई.”

“राह्य पन नाई म्हनतलं.” तिनं भाकरी टाकली. “तुमच्या चुलीवर चौदा वर्षं जेवला तो. कधी मीठ कमी म्हनतलं नाई. आन तुम्ही पंजाबरावच्या पुढं म्हनतलं, याच्या हाताचं हाये.”

“धागा निघाला ना.”

“तुमच्या धोतरातून निघत नाईत धागे? मी धुते, मले मालूम हाये.”

उकंडराव अर्ध्या भाकरीवर उठले.

आता काम त्यांना एकट्याला करायचं होतं आणि ते त्यांनी असं करायचं ठरवलं की कोणी बोट दाखवायला नको. फाटक लावून घेतलं. जमिनीवर पाणी शिंपलं. रस्त्याच्या बाजूला तट्ट्या बांधल्या, तरी एस.टी. गेली की धूळ तट्ट्यांवरून आत येई आणि ते सगळं पुन्हा पुसत. कारभारीला आत यायची बंदी केली, तो फाटकाबाहेर डबा घेऊन बसला आणि फटीतून विचारू लागला, “मिस्त्री, आंघोळ करून बसले का सोवळ्यात?” शेजारच्यांची शेळी एकदा तट्ट्या वाकवून आत आली आणि ब्लॉकवर नाक लावून शिंकरली. उकंडरावांनी तिला पान्यानं मारलं आणि शेजारणीनं त्यांना फाटकाबाहेरून ऐकवलं, मेहुन्यावरचा राग जनावरावर काढते म्हणून.

त्यांनी तोंड खरवडलं, पेट्रोलनं धुतलं, पुसलं. पितळेची पट्टी आणि लुगड्याचे तुकडे किसनच्याच पिशवीतले होते, ते त्यांनी वापरले. बोळे वापरले नाहीत. नवं ग्यासकेट जालन्याहून आणायला चार दिवस गेले, कारण चीनची लढाई सुरू होती आणि दुकानदार म्हणे माल वरूनच येत नाही. ग्यासकेट त्यांनी धोतराच्या घडीत गुंडाळून मांडीवर ठेवून आणलं. बसवताना श्वास रोखला. बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, आडवे-तिडवे, तीन फेऱ्यांत आवळले. पाना शेवटी प्रत्येक बोल्टावर सारखा अडला. त्यांच्या मनगटाला तो अडणं माहीत होतं.

मोटार सुरू झाली आणि आवाज असा आला की कारभारीही उठून उभा राहिला. उकंडरावांनी त्याला शेजारी बसवून ती सिंदखेडच्या रस्त्याला घातली. सहा मैल चांगले गेले. सातव्या मैलाला चढावर मागून पांढरा धूर निघाला. उकंडरावांनी मोटार थांबवली, खाली उतरून डिपस्टिक काढली आणि ती कारभारीला दाखवली नाही. दाखवायची गरज नव्हती.

“ताक का?” कारभारी म्हणाला.

सरकीची गाडी रिकामी करून एक शेतकरी परत चालला होता. त्याच्या बैलांना मोटार जुंपली. देऊळगावात शिरताना आठवडी बाजार भरला होता, आणि उकंडरावांना स्टिअरिंग धरून बसावं लागलं, कारण बैल मोटार ओढू शकत होते पण वळवू शकत नव्हते. दोन्ही बाजूंनी लोक बघत होते. कोणीतरी म्हणालं, “मिस्त्री, पेट्रोलचा खर्च वाचवला चांगला.” कोणीतरी म्हणालं, “आता तर किसन नाई, आता कोनाचा हात?” ते शेवटचं कोण म्हणालं हे उकंडरावांनी मान वळवून पाहिलं नाही.

चौथ्यांदा हेड उतरवलं ते त्यांनी कोणाला न सांगता, दुसऱ्या दिवशी सकाळी. तीच रेघ, तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधे. या वेळी धागा नव्हता. मग करायला दुसरं काही नाही म्हणून काढलेले बोल्ट एका ओळीत उभे केले आणि रॉकेलच्या कापडानं पुसू लागले. त्यांतल्या एकाच्या टोकाला काहीतरी चिकटलं होतं. लालसर, चिकट, वाळलेल्या लेपासारखं. बाकीचे सतरा कोरडे होते.

तो बोल्ट रेघेच्या शेजारचा होता.

आपलाच शेंदूर असेल, असं त्यांनी मनाशी म्हटलं. काच फिरवताना सांडला असेल. त्यांनी सायकलच्या चाकाची तार घेतली, टोक वाकवलं आणि त्या भोकात घातली. भोक खाली बंद होतं, आरपार नव्हतं. तार जितकी जायला हवी होती तितकी गेली नाही. खरवडून काढल्यावर तारेबरोबर तेलात मळलेला लाल लगदा आला, आणि त्यात दाणे होते. त्यांनी ते तळहातावर घेतले. तांदूळ होते. चार अख्खे आणि एक बोल्टाखाली चेचलेला.

मग त्यांना तो पहिला दिवस आठवला. किसन सामान आणायला जालन्याला गेला होता. हेड नुकतंच उतरवलं होतं, आणि रुख्मिणीबाई दवाखान्यातून येताना मुलाच्या आधारानं गॅरेजात आली होती. एवढं मोठं काम निघालं, तर पूजा केल्याशिवाय हात लावायचा नाही, असं तिचं म्हणणं. तिनं उघड्या ब्लॉकच्या तोंडावर हळद-कुंकू वाहिलं आणि ओल्या कुंकवातल्या अक्षता ठेवल्या. उकंडरावांनीही टोपी काढून हात जोडले होते. त्यांच्याकडं प्रत्येक मोठ्या कामाला हे होई, त्यात नवं काही नव्हतं. ती गेल्यावर त्यांनी हातातलं फडकं एकदा इकडून तिकडं फिरवलं आणि कुंकू, अक्षता सगळं लोटून टाकलं. भोकं उघडी होती. संध्याकाळी किसन आला तेव्हा त्यानं विचारलं होतं, “भोकं पाह्यली का भाऊजी?” आणि ते म्हणाले होते, “पाह्यली.”

बोल्ट खाली जाऊन या लगद्यावर बसत होता. हाताला वाटे हेड आवळलं, आणि आवळला जात होता तो तांदूळ. हेड त्या जागी जरासं सैल राही आणि इंजिन तापलं की पाणी तिथून वाट काढी. तोंड पहिल्यापासून चोख होतं. ते किसननं केलं होतं.

उकंडराव उठले आणि फाटकाकडं गेले, जसं काही कोणाला हाक मारायची आहे. बाहेर कारभारी होता. त्यांनी मूठ मिटली.

“काय निघालं मिस्त्री?”

“काही नाई.”

त्यांनी अठराही भोकं तारेनं, पेट्रोलनं आणि सायकलच्या पंपानं साफ केली. मग मोटार चालली. दुसरबीडला गेली, जालन्याला गेली, आली. तेल तेलासारखं राहिलं. रुख्मिणीबाई परत येताना गॅरेजापुढं थांबली आणि मोटारीतूनच तिनं नारळ दिला.

“पूजा केली म्हून निभलं बरं का मिस्त्री,” ती म्हणाली. “नाई तं त्या पोरानं घातच केला व्हता.”

“हाव माय,” उकंडराव म्हणाले.

नारळ घेऊन ते आत आले आणि त्यांना स्वतःचा इतका राग आला की तो त्यांनी फोडलाही नाही, घरीही नेला नाही. समोरच्या हॉटेलवाल्याला दिला.

मंजुळाबाईनं एकदाच विचारलं, काय निघालं म्हणून. ते म्हणाले, ग्यासकेट. तिनं पुढं विचारलं नाही. पण पौष गेला, माघ गेला, आणि ती भावाचं नाव घेईना हे त्यांना जेवताना रोज ऐकू येऊ लागलं. कामही नीट होत नव्हतं. एकट्यानं धुवायचं, एकट्यानं बांधायचं. दोनदा मोटारी परत आल्या. फाल्गुनात त्यांनी तिला सांगितलं, डोणगावला जाऊन येतो.

मेहकरला गाडी बदलताना त्यांनी काय बोलायचं ते मनात जुळवून ठेवलं. फार नव्हतं. किसन, चूक माझी होती, भोकात तांदूळ होते, ते मी लोटले, चल घरी. एवढंच. डोणगावला उतरून एकाला विचारलं, किसन मिस्त्री कुठं बसतो. तो म्हणाला, “किसनराव का? ते पाहा, लिंबाखाली.”

लिंबाखाली चार पत्र्यांचं छप्पर होतं आणि किसन एका विहिरीवरच्या ऑइल इंजिनाचं हेड उतरवून बसला होता. शेतकरी शेजारी चिलीम ओढत होता. किसन बोळे कोंबत होता. उकंडराव दूर उभे राहून बघत राहिले. त्याचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. मनातल्या मनात मोजत होता.

“भाऊजी,” त्यानं पाहिल्याबरोबर म्हटलं, आणि हात पुसून उठला. पाया पडला. जवळच्या एका पोराला चहा सांगायला पाठवलं, बसायला पोतं झटकून दिलं. “बाई कशी हाये? कोकिळा आली व्हती का संक्रांतीले?”

“आली व्हती. बरी हाये.”

“जावई?”

“बरे हायेत.”

चहा आला. बशीत ओतून दोघांनी प्याला. शेतकरी तिथंच बसून होता आणि उकंडरावांना वाटत होतं हा उठेल तर बरं.

“मोटार चालू झाली म्हनतात पंजाबरावची,” किसन म्हणाला.

“झाली. मार्गशीर्षातच.”

“काय निघालं?”

सगळं जुळवलेलं होतं. उकंडरावांनी तोंड उघडलं. शेतकरी मान वर करून त्यांच्याकडं बघत होता, नवा मिस्त्री कोण हे त्याला जाणून घ्यायचं होतं. आणि किसन बघत होता, जसा तो खोललेल्या इंजिनाकडं बघे, राग नसलेल्या डोळ्यांनी.

“ग्यासकेट हलकं निघालं,” उकंडराव म्हणाले. “लढाईमुळं माल हलका येऊन राह्यला.”

“असं.” किसननं बशी खाली ठेवली. “म्हंजे धाग्याचं नव्हतं ते.”

“नव्हतं.”

“मंग तिकडं कोनाले सांगतलं का तुम्ही? पंजाबरावले?”

“सांगतो.”

“सांगा,” किसन म्हणाला. “बाकी माह्यं इथं बरं हाये. लोकं चांगले हायेत. पन तिकडचा कोनी रस्त्यानं जाते, मोटार बिघडली असली तरी थांबत नाई. मेहकरच्या पुढं ढकलत नेते. तेवढं सांगा.”

“सांगतो ना.”

परतीची सगळी वाट ते खिडकीशी बसून आले आणि मधे दोनदा उठले, जसं उतरून परत जायचं आहे. कंडक्टर म्हणाला, “मामा, एक ठरवा. बसा तरी, नाई तं उतरा तरी.” ते बसले.

पंजाबरावांना सांगायचं त्यांच्या मनात होतं. दिवाळीला ते भेटले, आजूबाजूला माणसं होती. पुढं एकदा एकटे भेटले, पण तेव्हा रुख्मिणीबाई जास्त आजारी होती आणि तिच्या अक्षतांचं तेव्हा काय काढायचं. मग वाटलं, सुगी झाली की डोणगावला पुन्हा जाऊ, आधी त्यालाच खरं सांगू, मग इकडं. असं करता करता वर्ष निघून गेलं.

किसन गेल्याचा निरोप एस.टी.च्या ड्रायव्हरनं आणला. दोघं नवरा-बायको डोणगावला गेले तेव्हा सगळं उरकलं होतं. तेरावं करून परत आल्यावर देऊळगावातली माणसं भेटायला आली. पंजाबरावही आले, मोटार गॅरेजापाशी लावून. ओसरीवर बसले, पाणी प्याले.

“मानूस मोठा गरीब व्हता,” पंजाबराव म्हणाले. “कोनाच्या अध्यात नाई, मध्यात नाई. आता कामात जरासा गबाळा व्हता म्हना, पन ते काय, सगळ्यायलेच सगळं येत नाई.”

मंजुळाबाई दारात चहाचं ताट घेऊन उभी होती. ती तिथंच थांबली.

“गबाळा नव्हता,” उकंडराव म्हणाले.

पंजाबरावांना वाटलं, दुःखात म्हणताहेत. त्यांनी मान हलवली.

“ऐका. तुमच्या मोटारीच्या भोकात तांदूळ व्हते. पूजेचे. पुसताना म्या लोटले आत. भोकं पाहा म्हून तो दोन खेपा म्हनतला मले. म्या पाह्यली नाईत. धाग्याचा संबंध नव्हता, त्याच्या हाताचा संबंध नव्हता. ते तोंड त्यानं असं पुसलं व्हतं की आजवर माह्यानं तसं झालं नाई.”

ओसरीवर पाच-सहा माणसं होती. पंजाबराव म्हणाले, “राहू द्या मिस्त्री. आता झालं ते झालं.” आणि चहासाठी हात पुढं केला. पण मंजुळाबाईनं ताट पुढं केलं नव्हतं. ती नवऱ्याकडं बघत होती.

“त्याले सांगतलं व्हतं हे?” तिनं विचारलं. “डोनगावले गेले व्हते तवा?”

“नाई,” उकंडराव म्हणाले.

तिनं ताट खाली ठेवलं, एकेक कप उचलून प्रत्येकाच्या हातात दिला, नवऱ्याच्याही, आणि आत गेली.

किसनराव चौसष्ट सालच्या माघात, वद्य पंचमीला, डोणगावला तापानं वारले. त्यांचं वय तेव्हा एक्केचाळीस होतं.